लाखेची डाळ आणि तीन सभा

लहानथोरांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. डोंगरापलीकडच्या एका राज्यात पाऊस लागोपाठ काही वर्षं रुसला. शेतात काही उगवेना. उगवली ती फक्त लाख, पाण्यावाचूनही तग धरणारं कडधान्य. माणसं दोन्ही वेळा लाखेचीच डाळ खाऊ लागली आणि हळूहळू एकेका धडधाकट माणसाचे पाय ताठरू लागले.

राजाने त्या मुलखातल्या एका गावी सगुणा नावाच्या वैद्यबाईंना पाठवलं. त्यांनी रोगी पाहिले, चुलीवरची भांडी पाहिली आणि कारण ओळखलं. उपाय सोपा होता. डाळ भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं आणि मगच ती शिजवायची. राजाच्या कोठारातले जोंधळे गावात पोचेपर्यंत एवढं केलं, तरी पुष्कळांचे पाय वाचणार होते.

सगुणाबाईंनी गाव पारावर जमवलं. वात कसा कोपतो, शिरा कशा आखडतात, लाखेत कोणता दोष असतो, डाळीचं पाणी का फेकायचं, सगळं नीट समजावलं. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी पाटील हात जोडून म्हणाले, "वा! एवढी विद्वान बाई आमच्या गावात कधी आली नव्हती."

दुसऱ्या दिवशी बाई घरोघर फिरल्या. एकाही घरात डाळीचं पाणी फेकलेलं नव्हतं.

बाई गोंधळल्या. त्या भिमाई नावाच्या म्हातारीकडे उतरल्या होत्या. तिला त्यांनी विचारलं, "काल मी सांगितलं ते कळलं ना?"

"न कळायला काय झालं?" भिमाई म्हणाली. "पण बाई, दुष्काळात डाळीचं सत्त्व कुणी मातीत ओततं का?"

"अहो, ते सत्त्व नाही, विष आहे!"

"तसं तुम्ही म्हणालात खरं." भिमाईने चुलीत लाकूड सारलं. "आमच्या लोकांना गोष्ट सांगून बघा. गोष्ट म्हटली की जागचे हलत नाहीत."

बाईंना हे पटलं. पुन्हा सभा भरली. या वेळी त्यांनी दूरदेशीच्या एका राजाची गोष्ट रचून सांगितली. तो राजा सोन्याच्या ताटात विषारी खीर खाई. त्याचे पाय गेले, राज्य गेलं, राणी रानोमाळ भटकली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणीही उठून गेलं नाही. बाई समाधानाने झोपल्या.

सकाळी पाहतात तर डाळ तशीच शिजत होती!

"राणी सापडली का हो पुढे?" एकीने विचारलं.

"अगं, पण तू पाणी का नाही फेकलंस?"

"आम्ही कुठे खीर खातो, बाई? सोन्याचं ताटही नाही. आम्हाला कसली भीती?"

आता मात्र बाईंचं डोकं चालेना. शास्त्र सांगितलं, ते वाहून गेलं. गोष्ट सांगितली, तर लोक राणीसाठी रडले आणि तीच डाळ जेवले. आपलं चुकतंय कुठे? बोलायचं तरी कसं?

अशा गोंधळलेल्या मनाने त्या शेजारच्या दौलतच्या ओसरीवर जाऊन बसल्या. दौलत तिशीतला. पूर्वी तो दिवसभर नांगर धरायचा. आता हातांवर सरकत उंबरा ओलांडायचा. काही सांगायचं सुचेना, म्हणून बाईंनी विचारलं, "दौलतराव, तुमचं हे सुरू कसं झालं?"

"आधी चपला पुढून झिजायला लागल्या," तो म्हणाला. "वाटलं, कातडंच वाईट. मग एकदा बांध ओलांडताना पाय उचलेना. बायको हसून म्हणाली, 'म्हातारे झालात की काय?' मीही हसलो. दुखत काहीच नव्हतं हो. दुखलं असतं, तर घाबरलो तरी असतो."

बाई जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हे गावाला सांगू?"

"सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

तिसऱ्या सभेत बाई चाचरतच उभ्या राहिल्या. हेही वाया जाईल की काय, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी दौलतच्या झिजलेल्या चपलांपासून सुरुवात केली. बांध सांगितला, बायकोचं हसणं सांगितलं. दौलत तिथेच बसून मान हलवत होता.

कुणी आपल्या चपलेचं पुढचं टोक चाचपलं. पाटलांनी चपला हळूच धोतराखाली ओढल्या. ते पाटलीणबाईंनी पाहिलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"मग दौलतच्या बायकोनं करायला काय हवं होतं? तेवढं आधी सांगा!"

बाईंनी पाणी फेकायचा उपाय पुन्हा सांगितला. अगदी पहिल्या सभेतल्याच शब्दांत. पण या वेळी गाव पुढे सरकून ऐकत होतं.

त्या संध्याकाळी घरोघरी डाळीचं पाणी खड्ड्यात ओतलं गेलं. भिमाईनेही ओतलं. जोंधळे येईपर्यंत गावात आणखी कुणाचे पाय गेले नाहीत. पाटलांची चाल थोडी ओढकी राहिली, पण ते चालत राहिले. दौलतचे पाय मात्र परत आले नाहीत. बाई पुढच्या गावी निघाल्या, तेव्हा तो आपणहून त्यांच्या गाडीत बसला. तिथल्या सभेत तो बोलला आणि बाई शेवटी फक्त उपाय सांगायला उभ्या राहिल्या.

म्हणून सांगतो, ज्या गोष्टीत ऐकणाऱ्याला आपलं स्वतःचं जगणं दिसतं, तीच गोष्ट त्याच्या मनापर्यंत पोचते.