वाटीभर विरजण

"पण भांडवल आणायचं कुठून, बुवा?"

दिगंबर खटावकरनं तिसऱ्यांदा विचारलं. घोंगडीबुवांनी तिसऱ्यांदा चुलीतलं लाकूड पुढं सारलं. चुलीवर दुधाचं पातेलं होतं. त्यांचं सगळं लक्ष त्या दुधात.

बुवांचा मठ म्हणजे नदीकाठची एक पडवी. भर उन्हाळ्यातही अंगावर घोंगडी, म्हणून हे नाव. लोक त्यांच्याकडं दुखणी घेऊन येत, भांडणं घेऊन येत. दिगंबर आपलं दुकान घेऊन आला होता, म्हणजे जे अजून कुठंच नव्हतं ते.

हा दिगंबर शिंपी. हात असा की कापडानं आपणहून वळावं. पण सगळी उमेद दुसऱ्याच्या दुकानात मान मोडण्यात गेलेली. मालक वारला, त्याच्या पोरानं दुकान मोबाईलवाल्याला देऊन टाकलं आणि ह्याच्या हाती उरली कात्री. दिवाळीपर्यंत स्वतःचं काही उभं राहिलं नाही, तर बायको आणि दोन्ही पोरींना मागं ठेवून भिवंडीच्या कारखान्यात नगामागं मजुरीवर बसायचं. एकदा गेला तो गेलाच, हे त्यालाही कळत होतं.

होळीच्या सुमारास तो पहिल्यांदा मठात आला, तेव्हा नुसता पेटलेला होता. स्टँडसमोरचा गाळा, चार मशिनी, काचेचं दार, ट्रायल रूम. करायचं तर दणक्यात, नाहीतर करायचंच नाही. 'खटावकर टेलर्स' अशी पाटीसुद्धा रंगवून आणली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. बुवांनी अक्षर छान आहे म्हटलं आणि परत ये म्हणाले. बस्स.

मग दिगंबरनं उंबरे झिजवले. बँकेनं जामीनदार मागितला. मेव्हण्यानं चहा पाजला आणि पावसापाण्याचं बोलत बसला. 'तू फक्त सुरू कर रे' म्हणणाऱ्या मित्राचा फोनच लागेना.

"दमलो, बुवा," तो आज म्हणाला. "सगळ्यावर विरजण पडलं."

बुवांनी मान वर केली. "बरी आठवण केलीस. विरजण संपलंय. शेजारच्या सोजराबाईंकडून घेऊन ये."

दिगंबर बघत राहिला. राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. तो उठला.

सोजराबाईंच्या दारात मात्र त्याची जीभ अडखळली. लाखाचं कर्ज मागताना मान ताठ असते. वाटीभर विरजण मागताना ती खाली गेली. बाईंनी काही न विचारता वाटी भरून दिली. दिवे लागायच्या आत आलास म्हणून देते, एवढं मात्र ऐकवलं.

"उद्या आणून देतो," तो पुटपुटला.

"वाटी तेवढी आण. विरजण कोण परत करतंय, बाबा?"

ओसरीत गोणपाटाखाली शिलाईची मशीन होती. सासूबाईंची, त्या म्हणाल्या, आता पोरं त्यावर दप्तरं ठेवतात. सवयीनं त्यानं चाक फिरवून पाहिलं. फिरलं. गावात उसवलेलं शिवून द्यायलाही कुणी नाही, पोलक्याच्या एका शिवणीसाठी तालुक्याला जावं लागतं, असंही त्या सांगत होत्या. दिगंबर ऐकून न ऐकल्यासारखं करून निघाला. उसवलेलं-फाटलेलं हातात घेणं त्यानं कधीच सोडलं होतं.

मठात आला तेव्हा दूध नुकतंच उतू जाता जाता वाचलं होतं. बुवांनी पातेलं खाली उतरवलं.

"मशीन आहे त्यांच्याकडं," दिगंबर म्हणाला. "जुनाट. आणि फाटकं शिवायला गिऱ्हाइकंही आहेत म्हणे." तो हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "एका मशिनीवर कुठं दुकान होतंय?"

बोलता बोलता त्यानं अख्खी वाटी पातेल्यावर कलती केली. बुवांनी मनगट धरलं.

"नासेल. दूध अजून कढत आहे."

दिगंबरनं वाटी सरळ केली.

"आणि वाटीभर कशाला? आंबटढाण होईल. चमचाभर पुरे."

"मग घालू कधी?"

बुवा घोंगडी सावरून भिंतीला टेकले. दिगंबरही समोर टेकला, वाटी मांडीवर धरून. दुधाची वाफ वर जात होती.

...

धाकटी पोर काल त्याला म्हणाली होती, बाबा, भिवंडीहून रोज संध्याकाळी घरी येता येतं का? ते त्याला आत्ता आठवलं आणि रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. कुणापासून लपवायचं, आणि कशाला? रडून झाल्यावर त्याला फार थकल्यासारखं वाटलं, आणि थोडं हलकंही.

वाफ विरळ झाली.

"बुवा..."

"हं."

"सोजराबाई ओसरी देतील का हो मला? दुपारपुरती दिली तरी चालेल." तो थांबला. "पाटी नको. उसवलेलंच शिवीन..."

बुवा पुढं सरकले. करंगळी त्यांनी दुधात न बुडवता दिगंबरच्या कपाळाला टेकवली आणि क्षणभर तशीच ठेवली.

"कोमट झालं," ते म्हणाले. "आता घाल विरजण."