तिसरी टोपली

राजवाड्याचा कचरा रोज सकाळी मागच्या तटावरून धबाधबा खाली पडायचा, आणि खाली होती बुरूड आळी! सोलपटं, राख, खरकटं, चिंध्या, सगळं एकात एक. उकिरडा वाढत वाढत ठकूबाईच्या दाराला टेकला, तेव्हा विणत असलेलं सूप तसंच टाकून ती उठली आणि तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

“सरकार, तुमचा कचरा आमच्या चुलीपातुर आला! माश्यांनी जीव नको केलाय. कायतरी करा!”

दुर्गोजीराजे लोडाला टेकून बसले होते. भलतेच हट्टी! “वाडा आमचा, तट आमचा, कचराही आमचा. सोसत नसेल तर आळी उचला. आठ दिवस दिले!”

ठकूबाईच्या डोळ्यांपुढं अख्खी आळी उभी राहिली. चाळीस घरं, अंथरुणाला खिळलेली सासू, बांबूचे भारे, जायचं कुठं? पण तिची जीभ कधी अडखळली नव्हती.

“उकिरडा ठेवायचा नि माणसं हलवायची? असला न्याय मी पैल्यांदाच ऐकला!”

दरबार खुसखुसला. राजे उखडले. “फार शहाणी दिसतेस! आमच्या खासगी दालनात काय चालतं, हे आमच्या उशीलाही ठाऊक नसतं. दालनाच्या उंबऱ्याला न शिवता, एकाही नोकराला न विचारता ते ओळखून दाखव. जमलं तर तू म्हणशील तसं! नाहीतर नवव्या दिवशी आळी रिकामी!”

आठव्या दिवशी ठकूबाई हजर! बरोबर तीन झाकलेल्या टोपल्या. मजा बघायला राणीसाहेबही चिकाच्या पडद्याआड येऊन बसल्या होत्या.

“सरकार, वैद्यबुवांनी तुमास्नी काय पथ्य सांगितलंय?”

“मुगाची पेज! महिनाभर दुसरा घास तोंडात नाही!” राजांनी छाती फुगवली.

ठकूबाईनं पहिली टोपली उपडी केली. आंब्याच्या कोयी गडगडत थेट सिंहासनापाशी गेल्या.

“बावन्न हायती. रोज दुपारी तुमच्या दालनाच्या खिडकीतनं माझ्या छपरावर पडत्यात. सा कौलं फुटली!”

चिकाआड बांगड्या खणखणल्या.

“एखाद्या... एखाद्या नोकरानं खाल्ले असतील!”

“तुमच्या पलंगावर बसून?”

राजे मिशीवरून हात फिरवू लागले. दुसऱ्या टोपलीतून निघाल्या काळ्याकुट्ट डागांच्या चिंध्या. “ह्या बी त्याच खिडकीतल्या. कलपाचा वास मारतोय!”

सगळा दरबार राजांच्या कुळकुळीत मिशांकडे बघू लागला.

“तरीच!” चिकाआडून राणीसाहेब कडाडल्या. “आणि आम्हाला सांगतात, आमच्या घराण्यात मिशा पिकतच नाहीत!”

ठकूबाईनं तिसऱ्या टोपलीच्या झाकणाला हात घातला मात्र, राजे ताडकन उठले. “थांब! झाकण ठेव! हरलो आम्ही! बोल, काय हवं?”

“आळी हाय तिथंच ऱ्हाईल. तटावरनं काडीसुदिक पडणार न्हाई. सोलपटं गुरांना घाला. ती खाणार न्हाईत ते तुमच्याच बागेत खड्डा खणून टाका, वर पालामाती पसरा, बेस खत हुईल. राखेनं भांडी घासा, चिंध्या आमाला द्या, गोधड्या शिवू. आन् सरकार, खड्ड्यात कुजल्यावर कुणी काय खाल्लं ते कुणाला बी कळत न्हाई!”

“कबूल! आजच कबूल!” राजे घाम पुसत म्हणाले. मग खाली वाकून हळूच विचारलं, “पण त्या तिसऱ्या टोपलीत आहे तरी काय?”

ठकूबाईनं झाकण उचललं.

“रिकामी हाय, सरकार! तुमच्या कोयी ठेवायला विणून आणली!”

राजे असे खो खो हसले, की डोळ्यांतल्या पाण्यानं मिशांचा कलप ओघळून हनुवटीवर आला. कचरा वेगवेगळा ठेवायला वाड्यातल्या दालनादालनाला तीन-तीन टोपल्या पुरवायचं काम त्यांनी तिथल्या तिथं बुरूड आळीला दिलं, आणि ठकूबाईच्या छपरावर नवी कौलं घालायचा हुकूम सोडला. बक्षीस राणीसाहेबांनीही दिलं. राजांच्या पलंगाखाली सापडलेले सगळे आंबे त्यांनी ठकूबाईला देऊन टाकले, त्याच तिसऱ्या टोपलीत भरून!