नावाच्या जागी

“आवाज गेला तर माझ्यात उरेल काय, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विश्वंभर होता. याच अंगणात तो त्यांच्याकडून डफ शिकला, मग स्वतःच्या कविता डफावर म्हणू लागला. आता त्याच्या कार्यक्रमाची तिकिटं तासाभरात संपत. मंचावर तो नुसता खाकरला तरी टाळ्या पडत. खाकरणं मात्र वाढत गेलं. सोमवारी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं, आणि आवाज परत येईल अशी हमी डॉक्टर देत नव्हते.

“पंधरा वर्षं झिजलो. आता सगळं संपणार,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“बस. शेंगा फोड.”

“वस्ताद, मी काहीतरी विचारलं…”

“ऐकलं मी. फोड.”

तो बसला. चार शेंगांत त्याची नखं लाल झाली.

पलीकडे बायका पेरणीच्या बियाण्यासाठी शेंगा फोडता फोडता गात होत्या. विश्वंभरचा हात थांबला.

‘माये, तुझ्या चुलीपाशी उजेड मूठभर,
त्यात वाचलं मी सारं जगाचं अक्षर…’

“ही माझी कविता आहे!”

“ऐक की मग.”

शेवटचं कडवं आलं. शाहिरानं शेवटी आपलं नाव गुंफायचं, ही रीत त्याला वस्तादांनीच शिकवली होती. ‘विश्वंभर म्हणे’ या शब्दांवर सभागृहं उभी राहायची.

‘शेवंता म्हणे, माये, राख नको सारू,
निखाऱ्याला तुझ्या आम्ही ओंजळीत धरू.’

दुसरीनं तेच कडवं घेतलं. ‘हौसा म्हणे, माये…’

विश्वंभरचा चेहरा उतरला. “यांनी माझं नाव काढून टाकलं, वस्ताद.”

वस्तादांनी हाक दिली, “शेवंते, कुनाचं गं हे गानं?”

“कुनाचं म्हंजी? आमचंच की. माझ्या नणंदंनं शिकवलं. जी म्हनंल तिनं आपलं नाव घालायचं.”

…

आता त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गोदाबाईची पाळी होती. तिची आई जाऊन साठ वर्षं तरी झाली असतील.

‘गोदा म्हणे, माये, राख नको सारू…’

ती अडली. “पुढं काय गं?”

कुणी सांगायच्या आत विश्वंभरनं ओळ दिली. घोगरी, जेमतेम ऐकू जाईल अशी.

म्हातारीनं ती उचलली. डोळे मिटून, समोर आईच बसलीय अशी गायली. विश्वंभरच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्यानं असं गाणं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, स्वतःच्या तर नाहीच.

गोदाबाईनं पदरानं डोळे पुसले. “तुला कसं येतंय रं हे, लेकरा?”

विश्वंभरनं वस्तादांकडे पाहिलं. ते शेंगा फोडत होते.

…

“ऐकलंय कुठंतरी,” तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

वस्तादांनी मूठभर दाणे त्याच्या ओंजळीत घातले.

“जा आता. डाक्टरला म्हनावं, खुशाल काप.”