तिसऱ्या अंकातला प्रधान

आठवीच्या वर्गात खांबेटे बाई एक जुनी शोकांतिका शिकवत होत्या. राजाचं राज्य बुडायला आलं होतं आणि वर्ग चिडीचूप होता. तेवढ्यात शिक्षणाधिकारी बोरगावकर साहेब तपासणीला आले, मागोमाग मुख्याध्यापक दातीर सर.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढ्याशा पोरांना शोकांतिका? यांना काय कळणार त्यातलं?"

"काहीच नाही, साहेब," दातीर सर म्हणाले. नाटक निवडलं होतं त्यांनीच, पण ते आता कोणाला आठवतंय.

"उद्यापासून हे बंद करा. काहीतरी हलकंफुलकं शिकवा."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, साहेब."

बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात मागच्या बाकावरची शाहीन मुजावर उभी राहिली.

"साहेब, आम्हाला कळलंय. तिसऱ्या अंकात प्रधान असाच बोलतो. राजा म्हणेल ते त्याच्या मनातलंच असतं."

"मग राजा काय करतो?"

"राजाला तो प्रधान फार आवडतो, साहेब. म्हणून तर ही शोकांतिका."

वर्गात खसखस पिकली. साहेबांनी एकदा दातीर सरांकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू आवरेना. "बाई, नाटक चालू द्या."

"मीही तेच म्हणणार होतो, साहेब," दातीर सर म्हणाले.