नाव विसरलेला कीर्तनकार

माळरानावरच्या एका तळ्याकाठी लहानसं गाव होतं. तिथं गमलिएल नावाचा एक ख्रिस्ती कीर्तनकार आपल्या बायकोसह, सगुणाबाईसह राहत होता. गाव त्याला गमाबाबा म्हणायचं.

गमाबाबाचं पाठांतर असं, की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. शे-दीडशे भजनं आणि पवित्र शास्त्रातले अध्यायच्या अध्याय त्याला मुखोद्गत होते. हातात चिपळ्या घेऊन तो उभा राहिला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं येऊन बसत. कीर्तन संपवताना तो हात उंच करून सांगे, "मंडळी, प्रभूचं नाव घट्ट धरा! ज्यानं धरलं तो तरला. ज्याच्या हातून सुटलं तो बुडाला!"

लोक माना डोलवत. गमाबाबाही मनातल्या मनात मान डोलवी. आपली पकड पक्की आहे, आपल्याला कसली चिंता, असं त्याला वाटे.

सत्तरी उलटली आणि त्याच्या डोक्यात हळूहळू धुकं उतरू लागलं. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं गेली. मग भजनांची मधली कडवी गेली. चाल ओठांवर यायची, पण शब्द यायचे नाहीत. सकाळी अंगणात उतरलेली पाखरं बघता बघता उडून जावीत, तसं त्याचं पाठांतर उडून जाऊ लागलं.

एका रविवारी गावच्या ख्रिस्ती देवळात प्रभूची प्रार्थना सांगायला तो उभा राहिला आणि पहिल्याच शब्दाला अडला. ओठ हलत राहिले. आवाज येईना. शेवटी मंडळीनंच प्रार्थना पुरी केली. गमाबाबा खाली बसला, तो मान खाली घालूनच. पुढच्या रविवारी सगुणाबाईनं त्याचं धुतलेलं धोतर पेटीतून काढून ठेवलं, पण तो उंबऱ्याबाहेर पडला नाही.

देवळात उपासना चालवणारे पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "बाबा, वय झालं की असं व्हायचंच. प्रभूवर भरवसा ठेवा."

"कशाच्या जोरावर ठेवू, साहेब?" गमाबाबा म्हणाला. "काल संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, तर ज्याची प्रार्थना करायची त्याचंच नाव आठवेना. जन्मभर मीच लोकांना सांगत आलो ना, सुटलं तो बुडाला! माझं सुटलंय."

पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं. पण त्यांचे शब्दही थोड्या वेळानं त्या धुक्यात गेले. भीती तेवढी मागं राहिली. आपण वर गेलो आणि दाराशी कुणी विचारलं, 'कुणाचा रे तू?' तर काय सांगायचं? दिवसभर तो ओट्यावर बसून हाच विचार करी. विचार कशाचा होता हे विसरून जाई, तरी छातीतली धडधड थांबत नसे.

मार्गशीर्षातली एक सकाळ होती. तळ्यावरचं धुकं गावात शिरलं होतं. घरं, बाभळी, वाटा, सगळं पांढरं झालं होतं. सगुणाबाई चूल पेटवत होती. गमाबाबा उठला, दार उघडून बाहेर आला आणि चालू लागला. डोक्यात होतं तसंच धुकं बाहेरही होतं, म्हणून त्याला बरं वाटलं. पायाखाली गवत ओलं लागत होतं. दुरून कुठून तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. आपण लहान आहोत, कुणीतरी आपल्याला बोलावलंय आणि तिकडेच निघालोय, असं काहीसं त्याला वाटत होतं. कुणी बोलावलं, ते मात्र आठवत नव्हतं.

पायाला गार पाणी लागलं. तो चालत राहिला. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. समोरचा पांढरेपणा उजळत चालला होता. हेच ते दार असेल का? आता कुणीतरी विचारील. गमाबाबा थांबला. त्यानं आपलं सगळं मन चाचपून पाहिलं. तिथं एकही नाव सापडलं नाही, त्याचं स्वतःचंसुद्धा.

"अहो!" मागून कुणीतरी ओरडलं. "अहो, थांबा!"

ही हाक आपल्याला आहे, हे त्याला कळलं नाही. त्यानं आणखी एक पाऊल टाकलं. पाणी मांडीला लागलं.

सगुणाबाई काठाशी धापा टाकत उभी होती. धुक्यात तिला त्याची पाठ जेमतेम दिसत होती. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. जुन्या वळणाची बाई, तिनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला आणि सगळा जीव एकवटून हाक मारली,

"गमलिएल!"

पाण्यावरून ती हाक आली आणि म्हातारा थबकला. ते नाव त्याला आठवलं असं नव्हे. पण ती हाक आपल्यालाच होती, हे मात्र त्याला आतून कळलं. या पांढऱ्या मोकळ्या जागेत कुणीतरी त्याला ओळखत होतं. तो वळला. तोवर सगुणाबाई पाण्यात शिरून त्याच्यापर्यंत पोचली होती. तिनं त्याचं मनगट धरलं.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "आपण कोण? माझ्या लक्षात येत नाही."

"नसू द्या," ती म्हणाली. "माझ्या लक्षात आहे. चला घरी."

चुलीपुढं बसवून तिनं त्याचे पाय कोरडे केले, अंगावर घोंगडी टाकली, हातात चहा दिला. ऊब लागली तसं धुकं थोडं विरलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"सगुणे, मी तुलासुद्धा विसरलो होतो का गं?"

"विसरला होतात."

"तसाच मी त्यालाही विसरतो. माझं आता काय होणार?"

सगुणाबाईला उपदेश करता येत नव्हता. आयुष्यभर तिनं त्याचंच ऐकलं होतं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि विचारलं, "मघाशी पाण्यातून घरी कसे आलात?"

"तू आणलंस."

"तुम्ही मला धरलं होतं, म्हणून आणलं का?"

गमाबाबानं आपल्या मनगटाकडं पाहिलं. तिच्या बोटांचे वळ अजून तिथं लाल दिसत होते.

"नाही," तो हळूच म्हणाला. "मी कुठं धरलं होतं? तूच मला धरलं होतंस." मग तो पुन्हा बोलला, पण तिच्याशी नव्हे. "मग तूही तसाच ना रे, प्रभू? मी विसरलो, पण तू कुठं विसरलास?"

त्या सकाळी त्याला प्रभूचं नाव आपोआप आठवलं. दुपारपर्यंत ते पुन्हा गेलं. पण या वेळी छातीतली धडधड परत आली नाही.

त्यानंतरच्या रविवारी तो सगुणाबाईच्या हाताला धरून देवळात गेला. प्रभुभोजनाची भाकर वाटत पाळकसाहेब त्याच्यापुढं आले, तेव्हा काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही. त्यानं फक्त दोन्ही हात पुढं केले. त्या रिकाम्या ओंजळीत पाळकांनी भाकर ठेवली, आणि गमाबाबा तान्ह्या लेकरासारखा हसला.

पुढं एकदा परगावचे एक उपदेशक आले. ओट्यावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "बाबा, तुमचं तारण झालंय का? कधी झालं, कसं झालं, सांगता येईल?"

शेजारी उभे असलेले लोक ओशाळले. आपल्या कीर्तनकाराची अशी परीक्षा व्हावी, हे कुणालाच आवडलं नाही.

गमाबाबा मात्र प्रसन्नपणे म्हणाला, "मला नाही हो काही आठवत. ज्यानं मला तारलं त्याला विचारा. त्याला सगळं ठाऊक आहे."

उपदेशकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. ते त्याच्याजवळ ओट्यावर बसले आणि ऊन उतरेपर्यंत तिथून उठले नाहीत.

तात्पर्य: माणसाची मूठ कधीतरी सैल पडते, देवाची पडत नाही. म्हणून तारणाची खात्री आपल्या मुठीत शोधू नये, त्याच्या मुठीत शोधावी.