काठाची एक रेघ

तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध छायाचित्रकार होऊन गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उतारवयात ते संगणकावर फोटो सजवायला शिकले आणि मग त्यांच्या हाताखाली एक शिष्यही काम करू लागला. शिष्याचा हात भलताच चपळ. कोणाच्याही पाठीमागे बर्फाचे डोंगर उभे करावेत ते त्यानेच. वर्षापूर्वी आई वारल्यापासून तो घरी एकटाच राहत असे. कुलूप उघडलं की आधी टीव्ही लावायचा आणि मग चपला काढायच्या, अशी सवयच त्याला लागली होती. टीव्हीवर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. घरात आवाज हवा, एवढंच.

एके दुपारी एक बाई स्वतःच्या लग्नातला फोटो आणि एक रिकामी सागवानी चौकट घेऊन आल्या. नवरा त्यांना सोडून दुसरा संसार थाटून बसला होता. फोटोतून त्याला काढून टाका, म्हणाल्या. चौकट मात्र हीच राहील, कारण ती त्यांच्या वडिलांनी स्वतः रंधा मारून केली होती, आणि वडील आता नव्हते. इतकं झाल्यावर तो फोटो ठेवायचा तरी कशाला, असं शिष्याने विचारलंच.

"त्या दिवशी मी खरंच आनंदात होते, दादा," बाई म्हणाल्या. "माणूस खोटा निघाला. माझा आनंद खोटा नव्हता. तेवढा मला भिंतीवर परत हवाय."

शिष्याने नवऱ्याला चुटकीसरशी उडवलं. पण उरलेला भाग छापून चौकटीत ठेवताच अर्धी चौकट ओकीबोकी दिसू लागली. बाईंनी मान फिरवली. मग शिष्याने त्या जागी एक निळंशार सरोवर आणून बसवलं, काठाला गुलाबाचे ताटवे लावले. बाई संगणकाच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. छान आहे, पण मी इथे कधी गेले नाही, म्हणाल्या आणि चौकट पिशवीत घालू लागल्या. पंचपक्वान्नं वाढावीत आणि पाहुण्याने ताट सारावं, तसं शिष्याला झालं.

तेव्हा अण्णा उठून आले. त्यांनी सरोवर पुसून टाकलं. बाईंच्या अंगाच्या कडेची, दोऱ्याएवढी बारीक उभी रेघ निवडली आणि ती थेट फोटोच्या दुसऱ्या टोकापर्यंत ताणत नेली. आता सगळंच बिघडलं, असं शिष्याला वाटलं. पण रिकाम्या जागेवर आडवे पट्टे पसरत गेले. वर गजऱ्याचा पांढरा, मग शालूचा डाळिंबी, खाली जरीचा सोनेरी. बाईंनी पिशवीतून चौकट पुन्हा बाहेर काढली.

त्या गेल्यावर शिष्याने न राहवून विचारलं, हजारो देखावे हाताशी असताना ही एवढीशी रेघ का?

अण्णा म्हणाले, "गेलेल्या माणसाची जागा फार मोठी दिसते रे. म्हणून ती भरायला आपण बाहेरून मोठमोठ्या गोष्टी उसन्या आणतो. त्या आपल्याशी जुळत नाहीत, आणि जागा आणखीच रिकामी वाटते. या बाईजवळ उरलं होतं ते दोऱ्याएवढं. पण ते तिचं स्वतःचं होतं, म्हणून पुरलं. आपल्याच काठाला धरून ओढत न्यावं. कितीही ताणलं तरी त्याचा रंग विटत नाही, हे मला या यंत्राने म्हातारपणी शिकवलं."



संध्याकाळी त्याने कुलूप उघडलं. सवयीने रिमोट हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. घर अगदी गप्प होतं. त्याला आईची फार आठवण आली. आई कामं करताना ओव्या म्हणायची. त्यातली त्याला एकच ओळ येत होती. चहाचं आधण ठेवताना तो ती म्हणाला. पुढची आठवेना, म्हणून तीच पुन्हा म्हणाला. कपातला चहा निवून गेला, तरी त्याचं म्हणणं चालूच होतं.