सूर्य आणि चंद्र

"मग यातलं खरं नाव कोणतं, गुरुजी?"

वृद्ध भिक्षू हुईआन यांनी कुंचला पाण्यात बुडवला. ओल्या कुंचल्यानं ते मठाच्या फरशीवर एक अक्षर काढू लागले. डावीकडे सूर्याचं चिन्ह, उजवीकडे चंद्राचं.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. डोंगरातलं धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"वाच," ते म्हणाले.

समोरचा तरुण जपानात शिकून कालच गावी परतला होता. "आपल्या चिनी बोलीत मिंग. जपानीत अकिरा, तिकडे मला याच नावानं हाक मारतात. अक्षर इथूनच समुद्रापार गेलं. उच्चार बदलला, अर्थ तोच राहिला. सूर्य आणि चंद्र, दोन्ही मिळून उजेड." त्याचा आवाज चढला. "दोन्ही देश भांडत राहिले गुरुजी, पण हे अक्षर दोघांचं आहे. मीही दोघांचा आहे."

"पाठांतर चांगलं आहे. आई काय म्हणायची?"

"मिंग."

तो तिकडे असतानाच आई गेली होती. आज तिचं वर्षश्राद्ध. इथली रीत अशी, की या दिवशी मुलानं मठाच्या दारात उभं राहून आपलं नाव सांगायचं. मग गेलेलं माणूस उंबऱ्याशी येतं.

"आणि नाव चुकलं तर?" त्यानं विचारलं.

"परत जातं."

"पुन्हा कधी येतं?"

"येत नाही."

फरशीवरचा सूर्य वाळून गेला होता. चंद्र अजून ओला होता.

"तिला लिहिता-वाचता येत होतं?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. तिला नुसता 'मिंग' हा आवाज ठाऊक." तरुण हसला. "म्हणजे प्रश्नच मिटला."

तो दारात गेला. "आई, मी मिंग. घरी आलोय."

...

बांबूच्या बेटातून बाईचा आवाज आला. नवा शब्द जपून उचलावा तसा.

"अ... कि... ला?"

तरुणानं चौकट घट्ट धरली.

"तिचाच आवाज. पण हे नाव... हे तिला कुणी शिकवलं?"

"तूच निरोप धाडलास ना, आता मला अकिरा म्हणतात म्हणून? या पायरीवर बसून घोकायची. 'रा' काही जमत नसे. मी हसलो, तर मला म्हणाली, तुम्ही हसा खुशाल. पोरगा परत येईल, तेव्हा त्याला परकं वाटायला नको."

...

"अ... कि... ला?"

आवाज आता उंबऱ्याच्या पलीकडेच होता. तिथे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"गुरुजी, मी तर मिंग सांगून बसलो. ती शोधतेय दुसऱ्यालाच. लवकर सांगा, कोणत्या नावानं ओ देऊ? ती परत जाईल..."

गुरुजींनी फरशीकडे पाहिलं. चंद्रही वाळला होता.

"ओ द्यायला नाव कशाला लागतं?"